येस सर

आमच्या घरातून बाहेर पडताना ‘जाते’ म्हणायची सोय नव्हती. पायात चप्पल सरकवताना कुणाच्या तोंडून चुकून निघालंच, तर माय चुलीपुढून ओरडायची, “जास म्हनू नही, येस म्हन!” अहिराणीत ‘येस’ म्हणजे येते. दळण आणायला निघालो तरी येस, परीक्षेला निघालो तरी येस. आमची मावशी आठ-आठ दिवस राहून, पिशवीभर ज्वारीचे बिबडे बांधून घेऊन गावी परत निघायची तेव्हा उंबऱ्यात उभी राहून तीही “येस वं बहीन” म्हणायची, आणि आता ही वर्षभर फिरकणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असायचं. देवपुरातली ती दोन खोल्यांची जागा आठवली की मला आधी आवाज आठवतात. मायने ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापल्याचा आवाज, नानांच्या सायकलची सैल साखळी, मिरची-लसूण वाटताना पाट्याची खरखर आणि त्या सगळ्यावरून दारातून आलेलं कुणाचं तरी “येस!” नाना एसटीत होते, स्टँडवर कंट्रोलर. आख्ख्या धुळ्याच्या गाड्या ते वेळेवर सोडायचे, फक्त आम्हा भावंडांना शाळेत वेळेवर सोडणं त्यांना कधी जमलं नाही.

मी नववीत असताना शाळेत जाधव सर आले. साताऱ्याकडचे, उंच, सडसडीत, आणि बोलणं असं की प्रत्येक वाक्य जमिनीत खुंटी ठोकल्यासारखं. ‘आहे’ला ‘शे’ आणि ‘सगळं’ला ‘बठ्ठं’ हे आमचं बोलणं त्यांच्या डोक्यावरून जायचं. शाळेच्या मागच्या बाभळी तोडून त्यांनी मुलींसाठी खो-खोचं मैदान केलं, फक्कीच्या रेघा मारल्या, दोन खांब रोवले, आणि पहिल्याच दिवशी नियम घातला की मैदानावर मान डोलवायची नाही, तोंडाने ‘येस सर’ म्हणायचं. ‘येस सर’ म्हणजे शब्द दिला. दिलेला शब्द पाळला नाही तर रेघेच्या आत पाऊल टाकायचं नाही. संध्याकाळी सराव संपला की ते खांबाला टेकून उभे राहायचे आणि एकेकीला सांगायचे, उद्या वेळेवर. प्रत्येकीने समोर जाऊन ‘येस सर’ म्हणायचं आणि घरी सुटायचं. आता गंमत अशी, की आमच्यातल्या निम्म्या मुलींना ते इंग्रजी आहे हे माहीतच नव्हतं. निघताना सगळेच ‘येस’ म्हणतात, सर वडीलधारे म्हणून त्यांना ‘येस सर’ म्हणायचं, इतका सरळ हिशेब. मायने एकदा कुंपणाबाहेरून हे पाहिलं आणि घरी येऊन भरभरून कौतुक केलं. “कितला गुनी मास्तर शे व माय, पोरेस्ले येस म्हनाले शिकाडस!” आम्ही हसून लोटपोट झालो. सरांना हे कुणी सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं वाटलंच नाही.

सर कडक होते हे खरं, पण त्यांचा कडकपणा मला पुढे कुठेच भेटला नाही. बाद झालेल्या मुलीने त्यांच्याजवळ येऊन ‘जबाब’ द्यायचा, म्हणजे आपलं काय चुकलं ते आपल्या तोंडाने सांगायचं. मी एकदा सुरुवात केली, “सर, शोभानं मला उशिरा...” सरांनी हात वर केला. “शोभाचं शोभा सांगंल. तू तुझं सांग.” बस, एवढंच. मारणं नाही, ओरडणं नाही. पण स्वतःचं सांगताना जे काही व्हायचं ना, त्यापेक्षा चार छड्या परवडल्या असत्या. आम्ही पळत असताना बसलेल्या मुलींना ते तेलाचे रिकामे डबे बडवायला लावायचे, वाटेल ते चिडवायला लावायचे. मला ‘कंट्रोलरची लेट गाडी’ म्हणायच्या. रडायला बंदी नव्हती. आधी पाणी प्यायचं, केस बांधायचे, आणि तरीही रडू येत असेल तर खुशाल रडायचं. बहुतेक वेळा केस बांधेपर्यंत रडू जायचं. आणि हाच माणूस फुटलेल्या गुडघ्यावर खाली बसून हळद-तेल लावायचा, पिशवीत भिजवलेले हरभरे आणि गूळ घेऊन यायचा, आणि एखादी मुलगी दोन दिवस दिसली नाही की तिच्या घरी जायचा. आमच्याकडेही आले होते. पोरीच्या जातीला हे धंदे कशाला, असं नानांचं म्हणणं. सर चटईवर बसले, मायने वाढलेली काळी कळण्याची भाकरी आधी उलटसुलट करून बघितली, मग दोन खाल्ल्या. नानांना म्हणाले, “हिला पळता येतं. हरता येत नाही. तेवढं मी शिकवतो.” सर गेल्यावर नाना बराच वेळ सुपारी कातरत बसले. म्हणाले, “पोरांना हरायला शिकवणारा मास्तर पहिल्यांदाच पाहिला.” दुसऱ्या दिवशी मी मैदानावर होते. असं त्यांनी शोभाच्या घरी केलं, कुसुमच्या घरी केलं, भाजी विकणाऱ्या आजीकडे राहणाऱ्या एका मुलीसाठी तर त्या आजीच्या हातगाडीशी उभं राहून केलं. जाधव सर घरी येऊन गेले आणि मुलगी मैदानावर परत आली नाही, असं कधी झालं नव्हतं.

नसीम आमच्यातली सगळ्यात चांगली. तिचे अब्बा यंत्रमागावर कामाला होते, अम्मी घरी बसून कांड्या भरायची. पांझरा नदीच्या पलीकडे त्यांच्या गल्लीत शिरलं की मागांच्या खटखटीत माणसाला स्वतःचं बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून त्या घरातले सगळे ओठांकडे बघून बोलत. नसीमला बहुधा त्यानेच समोरच्याचा चेहरा वाचता यायचा. ती सलवार पोटरीपर्यंत दुमडायची, ओढणी कमरेला करकचून बांधायची आणि पाठलाग करणारी मुलगी आता कुठे वळणार हे त्या मुलीच्या आधी ओळखून उलटीकडे निसटायची. तिची हूल अशी, की मी तिच्यामागे धावताना कितीदा तरी खांबाला मिठी मारून उभी राहिलेय. सराव संपल्यावर ती पूल ओलांडण्याआधी आमच्याकडे थांबायची. मायशी तिची गट्टी माझ्यापेक्षा जास्त. चुलीपुढे बसून ती गरम भाकरीवर तेल-तिखट घेऊन खायची आणि मायकडून अहिराणी शिकायची. पहिल्यांदा ती निघताना “अच्छा, जाती हूँ चाची” म्हणाली, तेव्हा मायने तिलाही सोडलं नव्हतं. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून नसीम उंबऱ्यातून आमच्यापेक्षा ठसक्यात “येस मी!” म्हणू लागली. ईदला तिच्या घरून शीरखुर्म्याचा डबा यायचा, आणि माय तो डबा रिकामा परत पाठवत नसे, त्यात डाळीचे फुनके भरून द्यायची.

सरांनी मैदानावर आणखी एक गोष्ट बजावून ठेवली होती. कुणाला यायचं नसेल, खेळ सोडायचा असेल, लग्न ठरत असेल, काहीही असेल, न सांगता गायब व्हायचं नाही. समोर येऊन सांगायचं. “जी समोर येऊन सांगंल, तिला मी रागावणार नाही. शाबास म्हणंन. मग तिच्या घरी जायचं ते माझं काम.” आम्ही अकरावीत होतो. जळगावला सामने होते, आणि तिथे राज्याच्या संघासाठी मुली निवडायला माणसं येणार होती. नसीमची निवड होणार यात आम्हाला कुणालाच शंका नव्हती. निवड झाली की खेळाडूंच्या वसतिगृहात जागा, तिथेच कॉलेज. नसीमला शिक्षिका व्हायचं होतं. ती हे फक्त चुलीपुढे बोलायची, कारण तिच्या घरी तिच्या लग्नाचं बोलणं सुरू झालेलं होतं आणि अब्बा अजून कुठल्याच बाजूने झुकलेले नव्हते.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी सराव नव्हता. मी आणि सर मैदानावर सामान भरत होतो, पट्ट्या, पाण्याचा डबा, हळदीची बाटली. नसीम आली. रोजच्या कपड्यांत नव्हती, इस्त्रीचा पंजाबी ड्रेस, ओढणी डोक्यावरून. ती सरांसमोर येऊन उभी राहिली आणि जमिनीकडे बघत म्हणाली, “सर, उद्या आमच्या घरी पाहुणे येणार आहेत.” सर पट्ट्या गुंडाळत होते. त्यांनी मान वर केली. नसीम थोडी थांबली आणि मग म्हणाली, “येस सर.”

“शाबास!” सर म्हणाले. केवढ्या मोठ्याने म्हणाले! घरी पाहुणे येणार असूनही पोर शब्द देते आहे, याचा आनंद त्यांच्या तोंडावर मावत नव्हता. मी शेजारीच होते. मलाही तेच ऐकू आलं जे सरांना आलं, कारण उद्या आम्हा दोघांनाही तीच हवी होती. नसीमनेही मान वर करून सरांकडे बघितलं, आणि हसली. मग ती पुलाकडे निघून गेली.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर नसीम आली नाही. नानांनी आयुष्यात पहिल्यांदा जळगावची गाडी रोखून धरली. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आतले उतारू नानांच्या नावाने बोटं मोडतायत, आणि नाना उगाच कागद चाळत उभे. शेवटी सरच म्हणाले, “सोडा गाडी.” पुढची गाडी आली, तीही सरांनी जाऊ दिली. त्याच्या पुढच्या गाडीत मात्र आम्ही बसलो. जळगावला आम्हाला भरीत, पुऱ्या आणि कांद्याची पात असं राजेशाही जेवण होतं, ते कुणाच्या घशाखाली उतरलं नाही. आम्ही अंतिम सामन्यापर्यंत मात्र गेलो, हे सरांचं. नसीमच्या जागी मी पळत होते. शेवटच्या डावात खांबाजवळ माझा पाय मुरगळला आणि मी पडले ती तिथेच बाद झाले. मी लंगडत सरांकडे गेले, जबाब दिला. त्यांनी ऐकून घेतलं, पाय मांडीवर घेऊन पट्टी बांधली आणि म्हणाले, “आज तुला हरता आलं.” एरवी हे ऐकून मी हवेत गेले असते. पण सर बोलत माझ्याशी होते आणि बघत होते मैदानाच्या फाटकाकडे.

जळगावहून आम्ही रात्री आठला धुळ्यात उतरलो, पण त्या रात्री किंवा नंतरही सर नसीमच्या घरी गेले नाहीत. कुणाच्या घरी गेले नाहीत असं हे पहिल्यांदाच. तीच त्यांची सगळ्यात लाडकी होती आणि तिनेच शब्द मोडला, हे त्यांना फार लागलं होतं. कडक माणसांचं हे असं असतं, ती परक्याला दहा वेळा समजून घेतात आणि आपल्या माणसाला एकदाही नाही. आठवड्याने नसीम मैदानावर आली. मी पाय सुजून घरी पडून होते, पुढचं शोभाकडून कळलं. सर म्हणाले, “तू शब्द दिला होतास.” नसीम म्हणाली, “सर, मी सांगून गेले होते.” सरांना सगळं चालायचं, खोटं चालायचं नाही. ते म्हणाले, “माझ्या तोंडावर खोटं बोलतीस?” नसीमने पुन्हा तेच सांगितलं, मी सांगून गेले होते, तुम्ही शाबास म्हणालात. सरांनी पाठ फिरवली. ती रेघेच्या बाहेर बराच वेळ उभी होती म्हणे, डबे बडवायचे थांबवून सगळ्या मुली बघत होत्या, आणि मग ती गेली. या वेळी ती काहीच म्हणाली नाही. माझा पाय बरा झाल्यावर मी पूल ओलांडून तिच्याकडे गेले, तर अम्मीने सांगितलं, खालाकडे भडगावला पाठवलंय. तिथल्याच मुलाशी तिचा निकाह झाला. मायने तिच्या लग्नात द्यायला बाजूला काढून ठेवलेलं नवं पातेलं पुढे आम्हीच वापरायला काढलं.

मी पुढे क्रीडाशिक्षिका झाले, चोपड्याच्या शाळेत. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून येणाऱ्या मुली, पाय असे की सरांनी डोळे मिटून आशीर्वाद दिले असते. त्यांच्याकडून जबाब घेतला, हळद-तेल लावलं, त्यांच्या झोपड्यांपुढे खाटेवर बसून बापांशी वाद घातले. हल्ली माझ्या नातीच्या अकादमीत कोच एका कागदावर ‘मानसिक कणखरता’ शिकवतो, ते ऐकून मला हसू येतं आणि थोडा हेवाही वाटतो. आमच्याकडे डबे होते आणि जाधव सर होते. पण मुलींना सरांबद्दल सांगायला लागले की मी नसीमपाशी येऊन अडखळायचे. ती खोटं का बोलली असेल, हे मला कधीच उलगडलं नाही. ती खोटं बोलणारी नव्हती. आणि सरांवर तरी अविश्वास कसा दाखवू, मी स्वतः कानाने ऐकलं होतं.

निवृत्तीनंतर एका सहकारिणीच्या मुलीच्या लग्नाला भडगावला गेले होते. बांगड्या भरायला दुकानात शिरले तर गल्ल्यामागे जाड चष्मा लावलेली बाई माझ्या तोंडाकडे बघतच राहिली. “कंट्रोलरनी लेट गाडी,” ती म्हणाली. मग दुकान तसंच सोडून तिने मला आत नेलं. चाळीसहून जास्त वर्षं भडगावात काढून ती आता मायपेक्षा पक्की अहिराणी बोलत होती. नवरा चांगला होता, वारला. मुलगा दुकान बघतो. मायची चौकशी, नानांची चौकशी, दोघं नाहीत म्हटल्यावर डोळ्यांना पदर. सरांचं नाव दोघींनी टाळलं. शेवटी मलाच राहवलं नाही. “नसीम, त्या दिवशी तू येते म्हणून सांगितलंस आणि आली नाहीस, असं का केलंस गं?”

“येते म्हनीसन?” ती म्हणाली. “सांगीसन गयथी मी. तू तठेच व्हती ना. घर पाहुना येतीन सांगं, येस सर म्हनं. सर शाबास म्हननात माले.”

मला कळायला वेळ लागला. मग कळलं, आणि मी तिच्या खाटेवर बसून राहिले. पाहुणे येणार आहेत, म्हणजे मला बघायला. मोठ्या माणसापुढे याहून जास्त बोलायची तिला लाज वाटली. आणि येस सर, म्हणजे निघते मी, निरोप द्या. समोर येऊन सांग, मी शाबास म्हणेन, असं सर म्हणाले होते. तिने सांगितलं, ते शाबास म्हणाले. तिच्या बाजूने एवढीशीही चूक नव्हती. सरांना काय ऐकू आलं होतं ते मी तिला सांगितलं, इंग्रजीत ‘येस’ म्हणजे काय तेही सांगितलं. ती आधी हसली. खूप हसली, मलाही हसू आलं. मग तिचं हसू थांबलं.

“अब्बा आठ दिन वाट दखेत,” ती म्हणाली. “म्हनेत, बठ्ठ्या पोरेस्ना घर सर गयात, आपला घर बी येतीन. सर बोलतीन तर लगीन थांबाडसूत. अम्मीले नवा कप आनाले लावा व्हता, सरेस्करता.” सर आले नाहीत. मग अब्बांनीच तिला मैदानावर पाठवलं, जा, विचार. ती परत आली ती रडत, आणि अब्बांची समजूत झाली की आपली पोर सरांना तेवढी महत्त्वाची नव्हती, किंवा मग आपलं घर त्यांना यायच्या लायकीचं वाटलं नाही. त्यांनी भडगावला होकार कळवला. हे सांगताना नसीमच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. निघताना मी उंबऱ्यात थांबले आणि मला काय म्हणावं तेच सुचेना. तिने माझा हात धरून ठेवला.

सर तेव्हा गावी असत, नव्वदीच्या आसपासचे. गुरुपौर्णिमेला मी फोन करायची. सांगू की नको, यात माझे दोन महिने गेले. या वयात त्यांना हे ओझं कशाला, असं घरचे म्हणाले. पण नसीम त्यांच्या लेखी इतकी वर्षं खोटारडी होती, आणि ते मला सहन होईना. शिवाय आपलं ते आपल्या तोंडाने सांगायचं हे त्यांनीच तर शिकवलं होतं. मी फोन केला, आणि सगळं सांगितलं. मायच्या ‘जास म्हनू नही’पासून अब्बांच्या नव्या कपापर्यंत. मध्ये एकदाही त्यांनी मला अडवलं नाही.

“सर?”

“हाय मी,” ते म्हणाले. मग म्हणाले, “तिच्या वडलांची पाळी किती वाजता सुटायची गं?”

मला वाटलं, त्यांना नीट ऐकू गेलं नाही. मी म्हटलं, “सर, तिचे अब्बा केव्हाच वारले.”

“ते कळलं मला. पण तवा? तवा किती वाजता सुटायची?”

“संध्याकाळी, सर. सातला.”

ते मनाशी काहीतरी जुळवत होते.

“म्हणजे जळगावच्या गाडीतनं उतरून सरळ गेलो असतो,” ते म्हणाले, “तरी भेटले असते.”